पहिला नंबर ठकीबायचा

पावणेचारला रुचितानं ठाण्याच्या सरकारी ऑफिसला फोन लावला आणि पलीकडचा कारकून म्हणाला, "डोळखांबची एकही हरकत आलेली नाही, मॅडम." एकही नाही! सकाळी दहाला एक्केचाळीस मेल तिनं स्वतःच्या हातानं पाठवल्या होत्या.

मामला असा होता. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा डोंगर दगडखाणीला द्यायचं घाटत होतं. नोटीस मात्र ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली मुदत संपायच्या दोन दिवस आधी. वा रे वा! हरकती टपालानं किंवा ई-मेलनं, आज पाचपर्यंत. ज्याची हरकत वेळेत पोचेल, त्यालाच सुनावणीला तोंड उघडता येणार. बाकीच्यांनी घरी बसून सुरुंगाचे आवाज ऐकायचे. शहापूरहून आता ठाणं गाठायचं म्हटलं तर सहा वाजले असते.

किन्हवलीची रुचिता पाड्यांवर काम करणाऱ्या शहापूरच्या एका संस्थेत तीन वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होती. मेल सर्व्हर म्हणजे मागच्या खोलीत स्टुलावर ठेवलेला एक जुना डबा. संस्थेच्या सगळ्या मेल आधी त्याच्यात गोळा व्हायच्या आणि मग टेलिफोनच्या एकुलत्या एका लाइनवरून बाहेर पडायच्या. तिनं रांग उघडून बघितली. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तिथंच. एकही हललेली नव्हती.

संस्थेचे व्यवस्थापक हरेश सर दारात येऊन उभे राहिले. "राहू दे आता. सोमवारी पत्र लिहू, मुदत वाढवून मागू."

"आणि नाय दिली तर?"

"तर काय करणार? आपण प्रयत्न केला ना?"

रुचिताच्या डोक्यात तिडीक गेली. प्रयत्न केला म्हणे! बाहेरच्या बाकावर पाड्यावरची ठकीबाय सकाळपासून बसली होती, मांडीवर कागदांचं गाठोडं घेऊन. पंचाहत्तरीची बाई पहाटेच्या एसटीनं आलेली, आणि "पोचली असं कानानं आयकल्याबिगर मी नाय उठनार" म्हणून सांगितलेलं. तिला काय सांगायचं, प्रयत्न केला?

सर्व्हर बसवून देणाऱ्या कल्याणच्या माणसाला तिनं फोन लावला. तो घाईतच होता. "क्यू जाम झालीय. सगळी डिलीट मारा, मशीन रिस्टार्ट करा. संपला विषय."

"विषय तुमचा संपेल! एक्केचाळीस घरं आहेत त्यात," रुचिता म्हणाली आणि फोन आपटला. हरेश सर चपापले. ही पोरगी एरवी मान वर करून बोलायची नाही.

"तो जाणकार माणूस आहे, रुचिता."

"असेल. मी एकही मेल नाय पुसणार. नक्की घोडं कुठं अडलंय ते बघितल्याशिवाय मी कशालाच हात लावणार नाय."

सर्व्हर दिवसभर काय करतो त्याची नोंद स्वतःच ठेवत असतो. तिनं ती सकाळपासून वाचायला घेतली. दहा वाजून पाच मिनिटांनी लाइन लागली, पहिली मेल निघाली, बारा मिनिटांनी लाइन तुटली. परत लागली, परत तीच मेल अगदी पहिल्यापासून, परत तुटली. सकाळपासून हेच. दरवेळी एकच मेल, दरवेळी अर्ध्या वाटेवरून माघारी. आणि तिच्यामागं चाळीस जणी ताटकळत उभ्या.

ती मेल ठकीबायची होती.

रुचितानं कपाळावर हात मारला. चूक तिचीच की हो! पाड्याचा रिवाज तिला ठाऊक होता. दरसाल आवणीला भाताच्या रोपांची पहिली मूठ ठकीबायच्या खाचरात पडते, मग बाकीच्यांच्या. तिच्या आधी कुणी लावत नाही. हरकती द्यायला आलेल्या चंदरनंही बजावलं होतं, "म्हातारीची पयली जाउंदे, मंग आमची." रुचितानं हौसेनं सर्व्हरला तसं बांधूनच टाकलं: नंबरानं जायचं, एक गेल्याशिवाय दुसरी नाही. वर ठकीबायच्या हरकतीला जुने दाखले, नकाशा, पावत्या अशी बावीस पानं स्कॅन करून जोडली. इतरांचं एकेक पान. ते बावीस पानांचं ओझं बारा मिनिटांत जायचं कसं?

ती बाहेर गेली आणि खरं ते सांगितलं. "ठकीबाय, तुमची मेल जड झालीय. ती बाजूला काढली तर बाकीच्या जातील. पण मग तुमचा पहिला नंबर जाईल."

ठकीबायनं डोळे बारीक केले. "माजा मान काढतेस गो?"

"हो," रुचिता म्हणाली. ती जागची हलली नाही.

म्हातारी फणकारली, "मंग सकालपासना काय बघत बसलेलीस? माज्यापायी चालीस जनं अडलीत नि तू मला पुसत बसलीस! काढ मला. मान पाड्यावं हाय, हितं काय करायचाय?"

साडेचार. रुचितानं ठकीबायची मेल रांगेतून बाजूला ठेवली आणि लाइन लावली. एक गेली. दुसरी गेली. चंदरची गेली, काशीची गेली, कमळूची गेली. बाराव्या मिनिटाला लाइन तुटली तेव्हा फक्त पाच उरल्या होत्या. दुसऱ्या खेपेला त्याही गेल्या. घड्याळात पाचला दहा कमी.

"झालं बाई," हरेश सर म्हणाले. "चाळीस म्हणजे खूप झाल्या."

"एक्केचाळीस," रुचिता म्हणाली. "ठकीबाय, आत या. तुमची हरकत तोंडानं सांगा. मी लिहिते, कागद जोडतच नाय."

सरांनी हात वर केले. "अगं, पुराव्याशिवाय हरकत? साहेब केराच्या टोपलीत टाकतील!"

"टाकू देत. पोचली तर टाकतील ना?"

ठकीबाय स्क्रीनसमोर उभी राहिली आणि समोर साहेबच बसल्यासारखी बोलली. त्या डब्यात मराठी अक्षरं नव्हती, म्हणून रुचितानं इंग्रजी अक्षरांत तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. 'मी ठकी. डोंगराखाली माजा खाचर हाय. डोंगर फोडाल तं झरा तुटंल. माजी हरकत हाय. मी हटनार नाय.' लाइन लागली. मेल निघाली ती डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली.

पाचला तीन कमी असताना कारकून फोनवर म्हणाला, "हो, एक्केचाळीस." ठकीबायनं रिसीव्हर हिसकावून स्वतःच्या कानाला लावला. "परत बोल," ती म्हणाली. त्यानं परत सांगितलं. मगच ती बाकावर टेकली आणि पाणी मागितलं.

पंधरा दिवसांनी ठाण्याला सुनावणी झाली. रुचिता बरोबर गेली होती. पाड्यावरच्यांनी ठकीबायला सगळ्यांच्या पुढं उभं केलं. साहेबांनी तिची मेल वाचली, चष्मा काढला. "बाई, पाच वाक्यं आहेत नुसती. पुरावा कुठाय?"

ठकीबायनं गाठोडं सोडलं आणि बावीसच्या बावीस कागद त्यांच्या टेबलावर ठेवले.

"ह्यो काय. तुमच्या तारंतना मावला नाय, म्हनून डोईवर आनलाय. आता वाचा. मी उभी हाय."