थंड झाकण

...आणि झाकण थंडच होतं. अजूनही. दोन तळहात मावतील एवढी काळी डबी, समोर इवलासा हिरवा दिवा, गाणं सुरू होऊन बराच वेळ झाला तरी धातूला ऊब म्हणून नाही. त्याने पुन्हा हात ठेवून पाहिला, आजारी पोराच्या कपाळावर ठेवावा तसा—फक्त इथे ताप नाही याचंच वाईट वाटत होतं.

जुना अवजड ॲम्प्लिफायर दाराजवळ गोणपाटात बांधून पडला होता. परवा त्यातून जळका वास आला आणि लेकीने, "बाबा, आता बास. घर पेटवाल एक दिवस," म्हणत हा नवा, न तापणाऱ्या 'क्लास डी' जातीचा आणला. त्याने नाक मुरडलं होतं. "माझे स्पीकर चार ओहमचे आहेत, पोरी. करंट नुसता ओरबाडतात. ही डबी तग धरायची नाही."

खरं तर ते चार ओहमचे असायचं काही कारणच नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्याने स्पीकरची ती खोकी स्वतः बनवली. आतले दोन-दोन स्पीकर एकामागून एक जोडायचे, ते उत्साहाच्या भरात शेजारी-शेजारी जोडले. ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, निम्म्याहून खाली उतरला आणि बिचारा ॲम्प्लिफायर तव्यासारखा तापू लागला. चूक लक्षात आली तेव्हा सोल्डरिंगची सळई गरम करून तो बसलाही होता... तेवढ्यात बायको भांडी घासून आली, गारठलेले हात ॲम्प्लिफायरच्या झाकणावर ठेवून डोळे मिटत म्हणाली, "अहो, हे किती छान तापतं!"

सळई खणात गेली. मग वर्षानुवर्षं बायको तिथे हात शेकत उभी आणि तो समोरच्या खुर्चीत, मुद्दाम लांबलचक गाणी लावत—एखाद्या चुकीचं इतकं कौतुक कधी कुणी केलं नसेल.

आता तो या डबीची खोड शोधत होता. कमी ओहमवर या जातीचे वरचे सूर थोडे बदलतात, असं दुकानदार म्हणाला होता. म्हणून कान टवकारून बसला. पण सूर जागच्या जागी होते, खर्ज तर पूर्वीपेक्षा घट्ट, आणि मागची ती घरघरही नव्हती... मेलं काहीतरी बिघडायला हवं होतं. 'हा जमत नाही' एवढं म्हणता आलं असतं, तर जुना दुरुस्त होऊन परत फळीवर चढला असता.

लेक हात पुसत आतून आली. "काय मग, जमतंय का याचं तुमच्या स्पीकरांशी?"

"जमतंय," तो अगदी जिवावर आल्यासारखा म्हणाला.

तिने सवयीनेच दोन्ही तळवे झाकणावर ठेवले—लहानपणी आईच्या कुशीत शिरून ठेवायची तसे—आणि चटकन उचलले. "अगंबाई, थंडगार!" ती हसली. मग हसू ओसरलं. "आई असती तर आजच्या आज परत करायला लावला असता."

ती हात चोळत उभी राहिली. पाण्याने सुरकुतलेली, थेट आईचीच बोटं, नखांपाशी तशीच लाल. तो त्या बोटांकडे बघत राहिला. एवढे हिवाळे हिची आई त्या लोखंडापाशी उभी राहिली आणि आपण ऊब दिली म्हणून मी खुर्चीत खूश... दोन हात तर मलाही होते. तिचे हात त्यात घ्यायचं कधी सुचलंच कसं नाही?

गाणं चालूच होतं. त्यातला कुठला सूर बदलला, हे तो आता ऐकत नव्हता. "आण इकडे हात, पोरी," तो म्हणाला—की नुसतं म्हणायचं ठरवलं—आणि खुर्चीतून किंचित पुढे सरकला.