बुजवलेली फट

मी नागमोडी पात्याची तलवार बोलतेय. आमच्या तुगाया गावात, सरोवराकाठी, मला क्रिस म्हणतात. नव्या क्रिस इथं ढिगानं मिळतात. मी मात्र या घरच्या म्हातारीच्या, लावानेनच्या, आजेसासऱ्यांच्याही आधीची.

मला घडवणाऱ्यानं लोखंड आणि पोलाद एकावर एक ठेवून तापवलं, दुमडलं, पुन्हा ठोकलं. म्हणून माझ्या अंगावर लाकडाला असतात तशा बारीक रेघा होत्या. मुठीजवळचा आडवा तुकडा त्यानं वेगळा घडवून बसवला. पुढं तो सांधा सैल झाला; मला उचललं की खुळखुळायचा. जाणती माणसं आधी त्या सांध्याची फटच बघत. नकली क्रिसला तुकडा वेगळा नसतोच, नुसती रेघ कोरलेली असते.

अशा नकली क्रिस करून विकणं हाच लावानेनच्या लेकाचा, माकापांतोनचा धंदा. ट्रकच्या कमानपाट्याचं पातं, वर पितळेची झगमग. परगावचे लोक हौसेनं नेतात.

त्याच्या पोराचं लग्न ठरलं. मुलीकडच्यांनी सांगितलं, मुलाकडून यायच्या देण्यात घराण्याची जुनी क्रिस हवी. माकापांतोननं मला बाहेर काढलं.

"आई, केवढा गंज! आणि हा खुळखुळाट! मुलीचे सारिगालामामा हसतील आपल्याला."

"हसू देत. तू हात लावू नकोस मेल्या."

लावानेन बहिणीकडे बोलावणं करायला गेली, आणि यानं मला फिरत्या सहाणेवर धरलं. रेघा गेल्या. मग फटीत पितळ वितळवून ओतलं. मायेनं केलं हो त्यानं सगळं, तेच जास्त लागतं.

मुलीचे मामा सारिगाला आले. मला उन्हात तिरकं धरलं. सांध्यावरून नख फिरवलं. नख कुठं अडलंच नाही.

"दुकानातली उचलून आणलीस का रे? आमची पोर काय बाजारात मिळाली तुला?"

"मामा, शपथ घेतो, खरीच आहे. मी फक्त उजळली."

"तुझ्या दुकानातल्या सगळ्याच खऱ्या असतात बाबा."

लावानेन पुढं झाली. "सारिगाला, चाळीस वर्षं माझ्या उशाशी आहे ही."

"वहिनी, तुम्ही खोटं बोलणार नाही. पण ही तलवार बोलतेय ना."

हळदीचा भात ताटात तसाच राहिला. पाहुणे उठले. लग्न मोडलं.

माकापांतोनला मी डोळ्यांसमोर नको झाले. त्यानं मला दुकानात, नकलींच्या रांगेत टांगलं.

लावानेनची नजर आता मंद झालीय. दर शुक्रवारी ती भिंत चाचपत येते, एक क्रिस उतरवते, खोबरेल लावून पुसत बसते.

"रागावलीस का गं? मी घरी थांबायला हवं होतं."

तिच्या हातात असते ती माझी शेजारीण, गेल्या महिन्यात घडवलेली. मी दोन खिळे पलीकडे.

तुमच्यापैकी कोणी त्या वेळी दुकानात असाल, तर म्हातारीचा हात धरा आणि एवढा इकडे आणा.