दवातली वेचणी

नांदगाव खंडेश्वराच्या अलीकडच्या एका गावात महादेवराव पाटलांच्या दोन सुना होत्या. थोरली सुभद्रा, धाकटी जमुना. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी मोठी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि वऱ्हाडातल्या कापसाच्या पऱ्हाटीला कधी नव्हे असे दिवस आले होते. अमरावतीच्या बाजाराकडं गाड्यांची रीघ लागलेली. बैलांच्या गळ्यात नवे घुंगरू, बायांच्या अंगावर नवी लुगडी. घाई तर अशी, की पाचोळ्यासकट कापूस गाडीत कोंबून लोक मोकळे होत.

सासू पार्वताबाईंना ही घाई आवडत नसे. आजवर वेचणीच्या बायांचं पुढारपण त्यांच्याकडं होतं. कोणी कोणते तास, म्हणजे पिकाच्या ओळी, धरायचे, कधी थांबायचं, हे त्या सांगत. आता गुडघे साथ देईनात. पहिली वेच संपली तेव्हा त्यांनी दोघी सुनांना समोर बसवलं.

"माह्यानं आता वावरात हिंडणं होत नाही," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वेचीत दोघी आपापल्या बाजूचे तास वेचा, आपापला ढीग घाला. अमरावतीचा दलाल आला का त्याच्यासमोर दोन्ही ढीग ठेवू. जिच्या ढिगाले तो नावं ठेवणार नाही, तिच्या हाती बाया."

सुभद्रेला हे टोचलं. थोरली ती. पुढारपण न मागता तिच्याकडं यायला हवं होतं. आणि वेचण्यात तर तिचा हात असा चाले, की दुसरीची ओटी अर्धी होईपर्यंत तिची भरून जाई. मग ही परीक्षा कशाला? जमुनेचा कापूस पांढराशुभ्र असतो, असं गाव म्हणत होतं म्हणून? हे बोलणं सुभद्रेनं विहिरीवर ऐकलं होतं, आणि त्या दिवशी घागर भरून आणायचीही तिला शुद्ध राहिली नव्हती.

"काही तरी करून राहिली ते," ती मनाशी म्हणाली. "नाही तर तेच वावर, तेच बोंड, अन् तिचाच कापूस काहून पांढरा?"

जमुनेची चोरी पकडायची, असं तिनं ठरवलं. जमुना तांबडं फुटायच्या आत शेतात जाई. म्हणून सुभद्रेला तिच्याही आधी उठावं लागलं. पहिल्या पहाटे उठताना तिला रडू आलं. अंगावर काटा, पायाखाली गार माती. पऱ्हाटीच्या तासात ती दडून बसली.

जमुना आली, ओटी बांधली, वेचू लागली. तिनं ना मंत्र म्हटला, ना कशाला हात जोडले. फुटलेल्या बोंडातून कापूस अलगद काढायचा, ओटीत टाकायचा, पुढं सरकायचं. ऊन चढून पानं कुरकुरीत झाली तशी ती थांबली आणि घरी निघाली. वाळलेल्या पानाला उन्हात हात लागला की त्याचा चुरा होऊन कापसाला चिकटतो. दवात तेच पान मऊ असतं, मोडत नाही. तिची करणी काय ती एवढीच.

सुभद्रेला हे पाहून बरं वाटायच्या ऐवजी राग आला. पकडायला काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मात्र ती पुन्हा उठली, आणि नुसतं दडून किती बसायचं, म्हणून वेचायला लागली. रोज पहाटे उठणं अंगवळणी पडत गेलं. तिचा कापूसही स्वच्छ निघू लागला.

पुढचं काम अंगणात होतं. दवातला कापूस ओलसर असतो. जमुना तो बांबूच्या तट्ट्यावर पातळ पसरी आणि घरकाम करता करता येऊन उलटवी. पुरता वाळला, की मगच ढिगावर टाकी.

"गावाले दिसलं पाहिजे ना, केवढं काम करून राहिली ते," सुभद्रा शेजारणीला म्हणे. "दिवसभर नुसती पसरापसर."

खरं तर तिचा डोळा जमुनेच्या ढिगाच्या उंचीवर असे. तो हातभर वाढला, की हिला चैन पडेना. मग ती आपला कापूस घटकाभर उन्हाला दाखवी आणि ढिगावर लोटून देई. तिचा ढीग उंच झाला. येणारा जाणारा थांबून बघे. तेवढे दिवस तिला झोप छान लागली.

दलाल यायच्या आदल्या दिवशी दुपारी जमुना धुणं घेऊन नदीवर गेली. ढीग सारखा करावा म्हणून सुभद्रेनं त्यात हात खुपसला आणि मागं घेतला. आत ऊब होती. तिनं मूठभर कापूस ओढून काढला. पिवळट, चिकट, कुबट वासाचा. वरून दूध, आतून हे. ओला कापूस दडपल्यानं आत तापला होता.

तिनं इकडं तिकडं पाहिलं. अंगणात कोणी नव्हतं. मग तिनं तो पिवळा कापूस ओटीत भरला आणि जमुनेच्या ढिगाकडं गेली. दोन्ही ढीग खराब निघाले तर थोरलीचा मान थोरलीला. तिनं ढिगात कोपरापर्यंत हात घातला. आत कापूस गार, हलका, कोरडा. कुठंही हात फिरवला तरी तसाच. तिला वाटत होतं, जमुना गावाला दाखवायला उलटवते. पण हे तर कोणालाच न दिसणाऱ्या जागी केलेलं काम होतं.

हात बाहेर काढायला तिला वेळ लागला. पण ओटीतला कापूस तिनं तिथं टाकला नाही.

परत येऊन तिनं आपला ढीग अंगणभर फोडला. वास सुटला. पार्वताबाई काठी टेकत ओसरीवर आल्या.

"काय झालं व?"

"सडला आत्याबाई. मी वाळवला नाही नीट."

"तुले मालूम नव्हतं?"

"मालूम होतं. जमुनेचा ढीग वाढून राहिला होता, म्हणून दम निघाला नाही."

ओल्याच अंगानं नदीवरून आलेल्या जमुनेनं धुण्याची पाटी खाली ठेवली आणि सडका कापूस वेगळा करायला बसू लागली.

"राहू दे," सुभद्रा म्हणाली. "माहा हाय, मीच निवडतो."

दुसऱ्या दिवशी दलालानं जमुनेचा कापूस दोन बोटांत ओढून पाहिला आणि मान हलवली. सुभद्रेच्या उरलेल्या ढिगाकडं पाहून म्हणाला, "हा बरा आहे, पण थोडा आहे." बाया जमुनेच्या हाती गेल्या. त्या संध्याकाळी सुभद्रेला भाकर गोड लागली नाही.

"बाई, उद्यापासून तिसरी वेच. तुमी पयले तास धरता का?" जमुनेनं विचारलं.

"तू सांगशील ते धरीन. पुढारीण तू," सुभद्रा म्हणाली.

पहाटे ती उठली तेव्हा मत्सरही तिच्याबरोबर उठला. तोंड धुऊन ती शेतावर गेली तसा तोही मागून आला. दुपारी तिनं तट्टा पसरला, कापूस पातळ केला आणि जमुनेच्या तट्ट्याकडं पाठ करून बसली. एकदा उलटवला. ऊन कलल्यावर पुन्हा उलटवला. ढिगावर टाकण्याआधी मूठभर कापूस गालाला लावून पाहिला. अजून जरा ओल होती. तिनं तो परत पसरला.