आसरांची हळद

विहिरीत पाइप सोडायला दोघे मजूर पुढे झाले, तशी जानकी पदर खोचून आडवी आली.

"आधी माझी पूजा होऊंदे. मगे तुमचो पंप लावा."

मजूर थांबले. भांडुपच्या त्या चाळीत जानकीचा शब्द मोडायची कोणाची छाती नव्हती, आणि हे तर बाहेरचे लोक. काठावरच्या सात शेंदरी दगडांना, म्हणजे पाण्याच्या देवींना, साती आसरांना, तिने हळदकुंकू वाहिलं, हिरवा खण पसरला, नारळ वाढवला. खोबऱ्याचा तुकडा पंपवाल्यांना, त्यांच्या साहेबालाही दिला. भांडण भांडणाच्या जागी, पण प्रसाद चुकवणारी बाई नव्हती ती. मग पितळेचा तांब्या दोरीला बांधून विहिरीत सोडला आणि भरून वर घेतला. पाणी नेहमीसारखं पिवळं होतं.

ते पहिल्यांदा पिवळं दिसलं होतं तेही तिलाच. नवरात्र चालू होतं. रहाट ओढता ओढता ती ओरडली होती, "आसरांनी हळद सोडली गो!" झालं. बातमीला काय पाय लागतात! मुलुंड-घाटकोपरपासून बायका कळशा घेऊन यायला लागल्या. बाळंतिणीच्या पोराला न्हाऊ घालायला ते पाणी, पोटुशीला शुक्रवारी तीर्थ म्हणून ते पाणी, आणि देणारा हात जानकीचा. गावाहून आली तेव्हा पापड लाटून संसार रेटणारी ही बाई सगळ्यांची मावशी झाली. मान कोणाला कडू लागतो?

भिंतीपलीकडे नळाच्या तोट्यांना चकाकी चढवायचा कारखाना होता. संपात बंद पडला तो कायमचाच. मालक निघून गेला, यंत्रं भंगारात गेली आणि मागे उरले ते खड्डे, पिवळ्याजर्द मातीचे. आता सरकारी माणसं ती माती खणून पिंपांत भरत होती. उपसलेलं पाणी लोखंडी टाकीत सोडून विष मारायला त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकला की ते हिरवट व्हायचं, गाळ तळाशी बसायचा. विहीर उपसून बुजवायची, असं ठरलं होतं.

"मावशी, तो तांब्या टाकीत ओता," नंदकुमार म्हणाला. या कामावरचा तो केमिस्ट. "हे पाणी पोटात जाता कामा नये."

"सुनेसाठी नेतंय. चौथो म्हयनो लागलो हा तिका. आधीची दोन पोटातच गेली. आता आसरांशिवाय कोण राखतलो?"

नंदकुमारने काठावर दोन बाटल्या ठेवल्या.

"यातली एक तुमच्या विहिरीची, एक पलीकडच्या खड्ड्यातली. ओळखा बघू कुठली कुठली."

जानकीने दोन्ही उजेडात धरल्या. पुष्कळ वेळ धरल्या.

"सोन्यापितळेचो पण रंग एकच," ती शेवटी म्हणाली.

"त्या दोन पोरांचं मी काही सांगू शकत नाही, मावशी. डॉक्टरही छातीठोक सांगणार नाहीत. पण माझी बहीण असती ना, तर या पाण्याने तिला मी हातसुद्धा धुऊ दिले नसते."

तांब्या कमरेशी धरून ती तडक घरी निघाली.

दारातल्या डब्यातली तुळस पार वाळून गेली होती. आधीचीही अशीच गेली होती. हिच्या हातचं झाड जगत नाही, असं सुनेच्या, सुलक्षणाच्या नावाने पुटपुटत जानकी आत शिरली आणि मोरीशी बसली. नंदकुमारची ती बहीण काही डोक्यातून जाईना. समोर कपड्याच्या साबणाची वडी होती.

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. लग्नघरचे कपडे धुतलेल्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. जानकीने तर असे किती कपडे धुतले होते. पण देवाच्या हळदीला साबण कोण लावून बघतो!

तिने धोतराच्या फडक्याचं एक टोक तांब्यात बुडवलं आणि त्यावर साबण चोळला. पिवळं ते पिवळंच राहिलं. आणखी जोर लावून चोळला. मग उठून मिसळणाच्या डब्यातली चिमूटभर हळद दुसऱ्या टोकाला लावली आणि साबणाचा हात फिरवला. ते टोक क्षणात कुंकवासारखं लाल झालं. जानकी दोन्ही टोकं दोन हातांत धरून बसली.

"आई, आज शुक्रवार ना?" मेथी निवडता निवडता सुलक्षणा वाटी घेऊन उठली. "तीर्थ देताय?"

जानकीने तांब्यावर तळवा दाबला.

"नको गो. ह्यां पिव नको."

सुलक्षणाने फडकं पाहिलं, सासूचा चेहरा पाहिला आणि ती तिथेच खाली बसली.

"आई, रागावू नका. या खेपेला मी प्यायलेच नाही. पहिल्याच शुक्रवारी उलटी येत होती, म्हणून वाटी तुळशीत ओतली. तुळस गेली. मग भ्यायले मी. तुमची पाठ वळली की तिथेच ओतत होते."

जानकी दाराकडे बघत राहिली. देवा, हिचं सांभाळलंस, असं तिच्या मनात आलं आणि लगेच दुसरं आलं.

"आणि आधी? त्या दोन खेपांक?"

सुलक्षणा वाटी हातात फिरवत राहिली.

"तुम्ही मायेने देत होता ना, आई," ती म्हणाली.

जानकीला रडू आलं नाही. रडायला तोंड कुठे होतं? ती उठली, विहिरीवर गेली आणि तांब्या टाकीत उपडा केला. नंदकुमार बाजूला सरला. खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातात तसाच होता.

कुठल्या कुठल्या दारात जायचं, ते ती आठवू लागली. चाळीतल्या तर सगळ्या माहीत होत्या. मुलुंडहून येणाऱ्या बायकांची मात्र तिने कधी नावंसुद्धा विचारली नव्हती. आधी चाळीतल्याच बाळंतीण क्षमाकडे जायचं होतं. क्षमाची लेक अजून बारा दिवसांचीही झाली नव्हती आणि कालच जानकीने तिला त्या पाण्याने न्हाऊ घातलं होतं.

क्षमा दारातच हसली.

"मावशी, बरं झालं आलात. पाणी तापतंय बघा. आणलंत ना तांब्यातून?"

तिने घाईघाईने पाट मांडला, लेकीला जानकीच्या पुढ्यात ठेवलं आणि रोजच्यासारखी नमस्काराला वाकली. जानकीने पाय मागे घेतले.