गोपाळशेटची दाढ

दात उपटायलाही कॉलेज असतं, हे माझ्या पोरानं मला सांगितलं तेव्हा मी गूळ तोलत होतो. तागडी तशीच हातात राहिली आणि गिऱ्हाईक माझ्या तोंडाकडे बघत बसलं.

"वासू," मी म्हटलं, "मॅट्रिक झालास. मास्तर हो, कारकून हो, फॉरेस्ट खात्यात चिकट. लोकांच्या तोंडात हात घालायची हौस कुठनं आली तुला?"

"अप्पा, मुंबईत दातांच्या डॉक्टरीचं कॉलेज निघालंय. मी अर्ज करणार हाय."

आमचं घराणं मूळचं खानापूरकडचं. माझ्या वडिलांनी जोयड्यात दुकान घातलं, तेव्हा इथे माणसांपेक्षा झाडं जास्त होती. अजूनही आहेत. मीठ, गूळ, कापड, रॉकेल यांवर दोन पिढ्या जगलो, आणि तिसरीला म्हणे दाढा काढायच्या होत्या. मी दिवसभर चिडचिड केली. रात्री जेवलोही नाही, पण बायकोनं दोनदा विचारल्यावर जेवलो.

मला धीर दिला तो सुप्याच्या डॉक्टरांनी. हे डॉक्टर हिवतापाच्या गोळ्या घेऊन बैलगाडीतून गावोगाव हिंडायचे आणि जाता जाता लोकांचे दातही काढायचे. वासू त्यांच्याकडे शिफारस मागायला गेला. डॉक्टर म्हणाले, "अर्ज कोणीही करतं. आधी माझ्याबरोबर हिंड. रक्त, पू, वास सोसतो का ते बघ. स्वतःच्या हातानं एक तरी दाढ धड काढलीस की मी कॉलेजला लिहून देईन. त्याआधी एक अक्षर लिहिणार नाही."

हे ऐकून मला एवढा आनंद झाला की मी भर दुकानात सांगून टाकलं, "डॉक्टर म्हणतात तेच माझं म्हणणं. एक दाढ काढून दाखव. मग मी स्वतः तुला लोंढ्याला नेऊन मुंबईच्या गाडीत बसवतो."

का सांगितलं? कारण मला आमचा मुलूख ठाऊक होता. ज्याला लहानपणी नागडं पळताना बघितलंय, त्याच्या हाती आपली दाढ कोण देणार?

वासू मात्र हटला नाही. डॉक्टरांच्या गाडीमागून चालत गुंदला गेला, नंदिगड्ड्याला गेला. हत्यारं उकळायची, रोग्याचं डोकं धरायचं, थुंकायला भांडं पुढे करायचं, ही त्याची कामं. घरी आला की बैलाचं तोंड उघडून बघायचा. शिमग्यात कुणब्यांनी रानडुक्कर मारलं, त्याचा जबडा मागून आणला, ओल्या मातीत घट्ट रोवला आणि डॉक्टरांची जुनी पक्कड घेऊन परसात दाढा उपटत बसला. अनुसया, म्हणजे आमची बायको, तुळशीला पाणी घालायला गेली आणि तो जबडा बघून तांब्या टाकून आत पळाली.

"अवो, पोराला काय तरी सांगा! तुळशीपुढं डुकराचे दात काढालाय!"

मी काय सांगणार? मी पोरगं कंटाळायची वाट बघत होतो. माझा अंदाज खरा ठरत होता. दाढ दुखली की लोक काटेरिंगणीच्या बियांची धुरी घेत, त्यानं भागलं नाही तर डॉक्टरांपुढे बसत, पण वासूनं पक्कड उचलली की उठत. गुंद गावातला लाडू नावाचा गडी एकदा तयार झाला होता. आ करून बसलाही. वासू जवळ गेला तसा त्याच्या काखेखालून निसटून रानात गेला तो गेलाच. त्यानंतर कितीतरी दिवस तो माझ्या दुकानासमोरून जायचा टाळायचा.

वासू संध्याकाळी पडवीत गुडघ्यांत मान घालून बसायचा. मला वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण बरंही वाटायचं. पोरगा घरात राहणार होता.

आणि मग माझीच दाढ दुखायला लागली.

सुपारी चावताना काहीतरी कट्‌कन झालं, आणि उजवीकडची मागची दाढ अशी ठणकली की समोरचं गिऱ्हाईक मला दोन दिसलं. मी ताबडतोब ठरवलं की हे कोणाला कळू द्यायचं नाही. कळलं तर गाव काय म्हणेल? शेटनं स्वतःच अट घातली आणि शेटच्याच तोंडात दाढ सडली! मी डाव्या बाजूनं जेवायला लागलो. मग सुपारी सोडली. मग भाकरी सोडली.

"पेज कशापायी मागालाय रोज?" अनुसयेनं विचारलं.

"उष्णता झालीय."

"आनि गाल कशानं सुजलाय?"

"गांधीलमाशी चावली."

"रोज येऊन त्याच गालाला चावती व्हय?"

मी लवंग धरली. परसाच्या कोपऱ्यात बसून काटेरिंगणीची धुरी घेतली, तर खोकून खोकून दाढेबरोबर बरगड्याही दुखायला लागल्या. अनुसयेनं पकडलंच. मी तिला देवाची शपथ घातली, वासूला सांगायचं नाही म्हणून. तिनं सांगितलं नाही, पण माझ्याकडे बघून ती जशी हसली, ते शपथेत बसत नव्हतं.

खरं सांगायचं तर मला गावाच्या हसण्याची भीती कमीच होती. मला पक्कडीची भीती होती. आणि त्याहून मोठी भीती ही, की वासूचा हात चुकला तर? दाढ अर्धी मोडली, जबडा फाटला, आणि तेही बापाचा? पोरानं त्यानंतर आयुष्यात पक्कड हातात धरली नसती. मला तो घरात हवा होता, पण असा हरून बसलेला नको होता. रात्ररात्र गाल धरून मी हेच घोकत असे.

पावसानं ओढे भरायच्या आधीची डॉक्टरांची शेवटची फेरी गुंदला होती. त्याच आठवड्यात वासूचा अर्ज जायला हवा होता, नाहीतर वर्ष फुकट. मला कळलं की वासूला डॉक्टरांनी गोळ्या देऊन नंदिगड्ड्याला पाठवलंय. मी लगेच गाडी जुंपली. घरात सांगितलं, हिरडा-शिकेकाई बघायला गुंदला जातो. मनात बेत असा, की वासू नसताना डॉक्टरांकडून गुपचूप दाढ काढून घ्यायची आणि मोकळं व्हायचं.

गुंदच्या देवळापुढे डॉक्टर खुर्ची टाकून बसले होते. भोवती सगळं गाव. मी त्यांच्या कानाशी लागलो. त्यांनी माझा गाल दाबला, मी ओरडलो, आणि ते देवळामागं बघून म्हणाले, "वासू, पक्कड आण रे. मागच्या दाढेची."

वासू उकळलेली हत्यारं घेऊन देवळामागून आला. तो सकाळीच नंदिगड्ड्याहून परतला होता.

"डॉक्टर, तुमी काढा," मी म्हटलं.

"मी शेजारी उभा आहे," डॉक्टर म्हणाले. "पण काढणार तो. अट तुमचीच आहे ना, शेट?"

बायका पदराआड हसल्या. लाडू सगळ्यांत पुढे येऊन बसला होता. मी खुर्चीत बसलो. देवाशप्पथ, मी आ करायचं ठरवलं होतं. पण तोंड उघडेना. जबडा आपला आपणच मिटला. वासू म्हणाला, "अप्पा, जरा आ करा." मी मान हलवली. डॉक्टरांनी सांगितलं, मी मान हलवली. गुंदच्याच परशूनं आणि आणखी दोघांनी मला धरून ठेवायची तयारी दाखवली, तेव्हा मी उठायलाच लागलो.

तेवढ्यात गुणा बुधवंत पुढे आला. बुधवंत म्हणजे कुणब्यांच्या गावातला मानाचा माणूस. देवाशी बोलणं त्याच्याकडे. तो डॉक्टरांवर रागावला होता.

"देवाच्या दारात तोंडात लोखंड घालालाय, आनि देवाला इचारलं न्हाई? गाऱ्हाणं घातल्याबिगार हितं नांगर जुपत न्हाईत. आदी गाऱ्हाणं, मग तुमची पक्कड."

मला हायसं वाटलं. तेवढाच वेळ जाईल, आणि गुणा बुधवंताचं गाऱ्हाणं काही थोडक्यात आटपणारं नव्हतं.

आमच्याकडे गाऱ्हाण्याची रीत अशी. बुधवंत देवापुढे एकेक मागणं मांडतो, आणि प्रत्येक मागण्याला सगळा जमाव एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतो. ज्याच्यासाठी गाऱ्हाणं, त्यानं तर खणखणीत म्हणायचं, नाहीतर ते देवापर्यंत पोचत नाही. आणि गाऱ्हाणं सुरू झाल्यावर मधे दुसरा शब्द बोलायचा नाही, जागचं हलायचं नाही. मी इथेच वाढलेलो. मुंज-लग्नाच्या मंत्रांना मी झोपलो असेन, पण गाऱ्हाण्याला माझा "व्हय म्हाराजा" कधी चुकला नाही.

सगळे हात जोडून उभे राहिले. मीही टोपी काढून उभा राहिलो; वासू अगदी माझ्यापुढ्यात.

"हे रानातल्या देवा, शिवेवरल्या देवा, पान्याकाठच्या माये! आज ह्यो जोयड्याचा शेट तुमच्या दारात आलाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. मी ओठांतल्या ओठांत पुटपुटलो.

गुणा थांबला. माझ्याकडे वळला. "शेट, आवाज आला न्हाई. देवाला ऐकू गेलं पायजे. परत."

आता काय करता? "व्हय म्हाराजा!" मी मोठ्यानं म्हटलं. त्यासरशी दाढेपाशी काहीतरी गार लागलं. वासूनं औषधात बुडवलेला कापूस आत ठेवला होता. मी डोळे वटारले. पण बोलता येईना, गाऱ्हाणं चालू होतं. आणि तो गारवा वाईट नव्हता. ठणका हळूहळू लांब जायला लागला.

गुणानं मग सगळं गाव घेतलं. भात पिकू दे, गुरं वाघापासनं राख, पोराबाळांना हिवताप नको. प्रत्येक मागण्याला मी तोंड उघडत होतो, आणि प्रत्येक वेळी वासूचं एक बोट आत येऊन दाढ चाचपून जात होतं. माझी हनुवटी त्यानं दुसऱ्या हातानं धरली होती. हात गरम होता आणि जरासुद्धा हलत नव्हता.

"आनि ह्या शेटच्या तोंडात जी पीडा बसलीया, ती मुळासकट भाईर काढ, म्हाराजा!"

"व्हय," मी जीव तोडून म्हटलं, आणि 'म्हाराजा' आतच राहिलं. एक मोठी ओढ, कानात एक करकर, डोळ्यांपुढे काजवे. मी ओरडणार, तोवर सगळं संपलं होतं.

वासूच्या तळहातावर दाढ होती. डॉक्टरांनी ती उचलून उन्हात धरली, उलटसुलट केली. "मुळं शाबूत. एकही मोडलं नाही," ते म्हणाले, आणि नुसते हसत राहिले.

आणि मला काय वाटलं सांगू? हलकं वाटलं. डोक्यावरचं मिठाचं पोतं कोणीतरी उतरवून घ्यावं तसं. कितीतरी दिवसांनी मला देवळासमोरचं झाड नीट दिसलं, वारा लागला, भूक लागली. ठणका नव्हताच. मी वासूकडे बघितलं. त्यानं कापसाचा बोळा माझ्या तोंडात दाबला आणि म्हणाला, "तोंड मिटून ठेवा. मला पयल्या दिवशीच कळलं होतं, अप्पा. तुमी डावीकडनं जेवायला लागला तेव्हाच."

मग बोलला का नाहीस, असं मी हातानंच विचारलं.

"तुमी आ केला नसता."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लोकांनी ते दाढेचं समजलं, ते बरंच झालं.

"हात जोडा," गुणा बुधवंत गरजला. "गाऱ्हाणं अर्धं ऱ्हायलंय. देव खोळंबलाय."

सगळ्यांनी पुन्हा हात जोडले. गुणानं देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आनि ह्यो शेटचा लेक बंबयला शिकाय जातोय. त्याला येश दे, त्याचा हात असाच ऱ्हाऊ दे, आनि त्याला सुकरूप आमच्यात परत आन, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं.

गुणा पुढे जाईना. सगळे माझ्याकडे बघत होते. वासू जमिनीकडे बघत होता. मुंबई किती लांब, ते मला ठाऊक होतं. दुकानात तागडीपाशी कोण बसणार, पडवीत कोणाशी भांडायचं, हेही त्या घटकेला मनात येऊन गेलं. डॉक्टरांनी बोट उगारलं, "शेट, तोंड उघडायचं नाही हं. रक्त येईल."

मी बोळा काढून हातात घेतला आणि नंदिगड्ड्यापर्यंत ऐकू जाईल असा ओरडलो, "व्हय म्हाराजा!"

रक्त आलंच. डॉक्टर चिडले, बायका हसल्या, लाडूनं पुढे होऊन माझ्यासाठी थुंकायचं भांडं धरलं. वासूनं कापसाचा नवा बोळा केला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"अप्पा, आ करा."

मी केला.