लंजेबांध ऊर्फ माताबोडी

प्रत्येक गोष्टीचं खरं नाव एकच असतं. बाकीची नावं त्या नावापर्यंत वाट दाखवण्यापुरती असतात. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत हे वाक्य पहिल्याच पानावर ठळक छापलेलं होतं. पुस्तिका लिहिणारा माणूस अर्जुनी मोरगावच्या बाजूला कधी फिरकला नसावा, हे अश्विन लंजेच्या ध्यानात आलं, तेव्हा त्याच्या कानाला मोठेबाबांचा फोन होता आणि टेबलावरचा दुसरा फोन सासऱ्यांच्या नावानं थरथरत होता.

“काऊन गा अश्विन, आपल्या बांधाले तू बोडी म्हणून राहिला?” मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ केवळराम, चिचटोल्याहून बोलत होते. फोनवरही ते तलावाच्या पल्याडच्या माणसाला हाक मारल्यासारखे बोलत.

“मी नाही म्हणत. मोहगाववाले माताबोडी म्हणतात. त्यांनी ते नाव टाकलं तरी आपल्या लंजेबांधाचंच पान उघडते. रिडायरेक्ट म्हणतात त्याले.”

“म्हणजे आपल्या दारावर त्यायच्या नावाची पाटी!”

“पाटी नाही, वाट आहे.”

“माह्या आज्याच्या आज्यानं बांधला तो बांध. बोडी तं म्हशी लोळाले असते!”

अश्विन गोंदियातल्या एका संस्थेत कंत्राटावर होता. संस्था जिल्ह्यातल्या तलावांचा विकी तयार करत होती. विकी म्हणजे कोणालाही लिहिता येईल असा इंटरनेटवरचा कोश. कोणालाही म्हणजे अश्विनला. बाकीचे अजून यायचे होते. तलाव बांधणाऱ्या कोहळी समाजातल्या पूर्वजांनी तलाव खणताना पाण्याचा विचार केला होता, विकीचा केला नव्हता. त्यामुळे तलाव एक, आणि काठावर जितकी गावं तितकी नावं. त्यातलं एक नाव पानाला द्यायचं आणि उरलेल्यांची वळणं त्या पानाकडे लावायची, हे अश्विनचं काम. तो ते मन लावून करी. वळण लावलेलं नाव रागावतं, हे मात्र पुस्तिकेत नव्हतं.

लंजेबांधाचं पान त्यानं आईला विचारून लिहिलं होतं. फुलचूरच्या घरासमोर उन्हात बसून जमुनाबाई लाखोळीच्या शेंगा सोलत बोलत गेली आणि तो मोबाईलवर टिपत गेला. तुडूम, म्हणजे तलावाचं पाणी सोडायचं भोक, उघडायला कोणी बुडी मारली, आणि वर येताना त्याचं धोतर खालीच कसं राहिलं. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, खचली तेव्हा बायांनी ओल्या मातीच्या पाट्या कशा वाहिल्या, आणि सासूशी भांडण असलेली बाई मुद्दाम तिच्याच मागे कशी उभी राहायची. सगळं आईच्या शब्दांत. विकीवरचं असं ते एकच पान होतं. गेल्या होळीनंतर आई गेली. तेव्हापासून अश्विन ते पान कामाव्यतिरिक्तही उघडत असे.

दुसरा फोन उचलणं भाग होतं. मोहगावचे श्यामलाल, सासरे.

“जवाईबापू, हमारी माताबोडी टाकली का तिथं लंजेबांधचं नाव आते. पाण्यात हात आमी घालाव अन् नाव तुमचं?”

“बाबूजी, नाव एक ठेवावंच लागते.”

“तं आमचं ठेवा. नाही तं इतवारी साक्षगंधाले आमाले बोलावू नका.”

मोठेबाबांनीही अगदी हेच, फक्त जरा जोरात, सांगितलं होतं. रविवारी हर्षाचं, एकुलत्या एक मुलीचं, साक्षगंध होतं. मुलाकडचे लोक गोरेगावहून येणार आणि मुलीच्या घरचे दोन्ही म्हातारे रुसून बसणार.

“माह्या बाबूजीनं कोणाचं घोडं मारलं?” बायकोनं, राखीनं, विचारलं.

“कोणाचंच नाही.”

“मग लावा ना त्यायचं नाव. तुमच्याच हातात तं आहे सगळं.”

अश्विन उठला, पाणी प्यायला, बसला, पुन्हा उठला. खिडकी उघडली, लावली. शेवटी त्याला गावचीच रीत आठवली. तलावाचं पाणी दोन्ही गावांना पाळीनं सुटतं: एक दिवस चिचटोला, एक दिवस मोहगाव. मग नावाला काय हरकत आहे? त्यानं दोघांना फोन करून पाळी ठरवून दिली. दोघांनी कुरकुरत मान्य केलं, कारण पाळी मोडणाऱ्या माणसाला त्या भागात पोरीच्या लग्नात कोणी उभं करत नाही.

मग रोज सकाळी अश्विन एका पानावरचा मजकूर कापायचा, दुसऱ्या नावाच्या पानावर चिकटवायचा आणि रिकाम्या झालेल्या नावाला वळण लावायचा. रविवारी पाळी माताबोडीची होती. त्यानं लंजेबांधचा मजकूर कापला, वळण लावलं आणि फोन वाजला. मंडपवाल्याला सभागृहाचा पत्ता हवा होता. अश्विननं पत्ता कॉपी करून पाठवला. लगेच फूलवाला. मग राखी: पेढे कुठवर आले? फोन ठेवून त्यानं माताबोडी उघडली. तिथं लंजेबांधाकडे जाणारं कालचं वळण तसंच होतं. घाईत त्याला ते आजचंच वाटलं, म्हणजे चिकटवूनही झालं. तो पेढ्यांच्या मागे गेला.

दुपारी दोघंही आले. सोफ्यावर शेजारी शेजारी बसले, मध्ये पानाचं तबक. हर्षाच्या ओटीत नारळ पडला. फोटोवाला निघून गेल्यावर श्यामलालांनी खिशातून मोबाईल काढला.

“देखो पाटील, आज पाळी आमची आहे.” त्यांनी नाव टाकलं. पडद्यावर चकरी फिरू लागली.

“काऊन थांबलं?” केवळराम वाकले.

“फिरून राहिलं.”

केवळरामांनी आपला मोबाईल काढून लंजेबांध टाकलं. तिथंही चकरी.

“माहंही फिरून राहिलं.”

“तुमचंही?”

“मंग सारखंच आहे ना!”

“सारखंच आहे.” श्यामलालांनी मोबाईल खिशात घातला. “चला, जेवून घेऊ.”

दोघं पंगतीत बसले आणि एकमेकांना जिलेबीचा आग्रह करू लागले. मागे उभ्या असलेल्या अश्विननं आपल्या मोबाईलवर दोन्ही नावं टाकून पाहिली. लंजेबांध माताबोडीकडे पाठवत होतं, माताबोडी लंजेबांधाकडे. मध्ये पान नव्हतं; कापलेला मजकूर मंडपवाल्यासाठी पत्ता कॉपी करताना पुसला गेला होता.

सोमवारी तो शिपाई यायच्या आधीच ऑफिसात होता. जुना मजकूर परत मिळेल का, असं त्यानं विकी चालवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या मदत-क्रमांकावर विचारलं. जुन्या आवृत्त्या जपून ठेवण्याची सोय तुमच्या संस्थेनं घेतलेली नाही, असं एका मुलीनं गोड आवाजात सांगितलं. आईचं बोलणं टिपलेला मोबाईलही त्यानं पावसाळ्यात बदलला होता.

राखीचा फोन आला. “दोघंही खूश होऊन गेले. मोठेबाबा तं म्हणत होते, लग्न त्यायच्याच आंगणात करा.” आणि मग हळूच, “आईनं सांगितलेलं पानावर आहे ना नीट?”

“पाहून राहिलो,” तो म्हणाला.

त्यानं चकरी तोडली. दोन्ही नावं एका नव्या पानाकडे नेली. पानाचं नाव सरकारी नोंदीतलं ठेवलं, म्हणजे कोणाचंच नाही. मग आठवून लिहायला बसला. ‘सदर तलावाच्या पाळीच्या दुरुस्तीकामी स्थानिक महिलांनी सहभाग घेतला’ एवढं झाल्यावर थांबला. वाचलं. पुसलं. पुन्हा सुरुवात केली, तर पुन्हा ‘सदर’च आलं.

तेही पुसलं. गाव, तालुका, क्षेत्र भरलं. ‘इतर माहिती’ हा रकाना रिकामा सोडला तर पान जतन होत नव्हतं. त्यानं तिथं ‘निरंक’ लिहिलं. पान जतन झालं.