न मोजलेले रेणू

जांभळ्या शाईची फुली — ती पुसायची नाही, असं दवाखान्यात बजावलं होतं, म्हणून आईचं अंग पुसताना गळ्याखाली येऊन सुमेधाचा हात थांबला. फुलीच्या कडा फिसकटल्या होत्या आणि भोवतालची कातडी काळवंडून कोरडी, तापलेली...

"आज न्हाई जायचं मला," आई, बेबीनंदा, म्हणाली.

गळ्याखालच्या गाठीवर किरण देण्याचे अकरा दिवस झाले होते, चौदा राहिले होते. दहा वाजता वाटूरच्या फाट्यावर दवाखान्यात नेणारी गाडी येणार, आणि त्याआधी समजूत घालायची ती सुमेधानंच, कारण या विषयातली शिकलेली तीच — पुण्याच्या प्रयोगशाळेत सहा वर्षं ती हेच तर बघत होती : नळीत रेणूंची वाफ सोडायची, त्यावर संथ चालीचे इलेक्ट्रॉन, डीएनएतलाच एखादा रेणू त्यातला एक पकडतो, निमिषाच्याही अब्जाव्या अंशापुरता त्याला पोटाशी धरून थरथरतो... आणि तुटतो.

"दवाखान्यात माझं होतं, तुझ्या मशिनीतबी तसंच होतं का गं?"

"थोडंफार असंच. किरण आत गेला की इलेक्ट्रॉन सुटतात, ते रेणूला चिकटतात, मग तो मोडतो."

"मंग गाठीचं कोणतं अन् माझं कोणतं, हे बराबर कळतं त्याला?"

हो म्हणणं सोपं होतं. डॉक्टर म्हणाले होते, शेजारची गिरिजाबाईही म्हणाली होती. सुमेधा पंचा पिळत राहिली, बादलीत थेंब पडत राहिले, आणि कित्येक वर्षांत तोंडात न आलेली बोली आपसूक आली, "मशीन गाठीवर नेम धरतं, आई. पण इलेक्ट्रॉनला न्हाई कळत."

आईनं अंगणाकडं पाहिलं. उन्हात वाळत घातलेली तूर, एक चिमणी.

"सगळे नुसता धीर देऊन राह्यले," ती म्हणाली. "तू खरं बोललीस." मग, "तो सैल झंपर काढ. हा चरचरतो."

जाण्यासाठी, की घरीच पडून राहण्यासाठी — सुमेधानं विचारलं नाही. पेटीतल्या धुवट कपड्यांच्या वासात हात बुडवताना तिला वाटलं, पकडणारा प्रत्येक रेणू कुठं तुटतो? काही तर तो इलेक्ट्रॉन अलगद सोडून देतात आणि शाबूत पुढं जातात. माझं यंत्र फक्त तुकडे टिपतं. न तुटलेल्यांची खूणच उमटत नाही तिथं... किती असतील ते? सहा वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. आणि मऊ सुती कापडावर हात तसाच ठेवून ती उभी राहिली — आईच्या आत कुठंतरी ते न तुटलेले, न मोजलेले रेणू संथपणे वाहत होते, अगणित, आणि त्यांची संख्या ठाऊक नसण्याची तिला आता भीती वाटत नव्हती.